नकाराच्या टोपलीतली शाळा

मराठी पुस्तकं माळव्यात येतात ती खालून. पुण्या-मुंबईत छापली जातात, धुळं, शिरपूर, सेंधवा करत निमाड ओलांडतात, मानपूरचा घाट चढतात आणि महूवरून इंदूरच्या मराठी घरांत पोचतात. होळकरांच्या काळापासून या रस्त्याचं वळण असंच आहे. माणसं, मसाले, भाषा, सगळं दक्षिणेतून वर चढत आलेलं. त्यामुळे हॅरी पॉटर मराठीत आला तेव्हा एक गंमत झाली, आणि ती पुण्यातल्या फारशा कुणाच्या लक्षात आली नसावी. 'हॅरी पॉटर आणि परीस' निघालं भोपाळहून. प्रकाशक तिथलं मंजुल पब्लिशिंग हाउस. हिंदीतला हॅरीही त्यांचाच, सुधीर दीक्षित यांनी केलेला. मराठीचं काम बाळ ऊर्ध्वरेषे यांच्याकडे. म्हणजे हॉगवर्ट्स नावाची ती जादूची शाळा महाराष्ट्रातल्या मुलांकडे गेली ती वरून खाली. गठ्ठे ट्रकनं गेले असतील, तर बहुधा मानपूरचा घाट उतरूनच.

पण भोपाळपर्यंत यायच्या आधी या शाळेला लंडनमधली बरीच टेबलं पार करावी लागली होती, आणि त्या टेबलांवरचे किस्से पुस्तकातल्या जादूपेक्षा मला जास्त आवडतात. कारण त्यांत मोठ्या खुर्चीवरच्या माणसानं निर्णय घेतला, असं सहसा होत नाही. निर्णय घेते ती कुणीतरी ऑफिसातली मुलगी, नाहीतर साहेबांच्या घरातली शाळकरी पोर. साहेब नंतर सही करतात.

पहिली टोपली ख्रिस्टोफर लिटल या साहित्य-एजंटच्या ऑफिसातली. साल १९९५. एडिंबरामध्ये राहणाऱ्या, घटस्फोटित, लहान मुलगी पदरात असलेल्या एका तिशीतल्या बाईनं तीन प्रकरणं टपालानं पाठवली होती. या ऑफिसचा एक अलिखित नियम होता: मुलांची पुस्तकं घ्यायची नाहीत, त्यात पैसा नसतो. त्यामुळे आलेली पाकिटं फोडायची, आणि मुलांचं काही असेल तर ते 'परत' म्हणून ठेवलेल्या टोपलीत टाकायचं. पाकिटं फोडायचं काम ब्रायनी एव्हन्सकडे. तिनंही नियमाप्रमाणे ही प्रकरणं टोपलीत टाकली. मग दुपारी टोपली उपसताना तिचं लक्ष गेलं ते लिखाणाकडे नाही, तर फाइलकडे. काळी प्लॅस्टिकची फाइल, तिला एक वेगळीच खटक्याची पट्टी. उघडून बघितलं तर आत लेखिकेनं स्वतः काढलेली चित्रं. एवढ्यावर तिनं वाचायला घेतलं, हसू आलं, आणि तिनं साहेबांकडे लकडा लावला की उरलेलं हस्तलिखित मागवू या.

लेखिकेनं पुढे सांगितलं आहे की ते उत्तराचं पाकीट बघून तिला नकारच वाटला होता. फाइल परत आली नाही म्हणून तर ती आधी चिडलीच. फाइल विकत घ्यायलाही पैसे पडत होते. पत्र दोनच ओळींचं होतं, पण ते तिनं पुन्हापुन्हा वाचलं.

ही बाई जोअन रोलिंग. एजंट मिळाला, पण प्रकाशक मिळेना. १२ प्रकाशकांनी पुस्तक परत पाठवलं. आज त्या बारा जणांना हसणं फार सोपं आहे. त्यांची कारणं मात्र त्या काळाला धरून होती. पुस्तक लांब होतं. नव्वद हजारांच्या आसपास शब्द मुलं वाचतील यावर १९९६ साली कुणाचा विश्वास नव्हता. आणि गोष्ट बोर्डिंग स्कूलची. वसतिगृह, डॉर्मिटरी, मध्यरात्रीचा खाऊ, शिस्तीचे मास्तर हा सगळा ऐवज एनिड ब्लायटनच्या पिढीबरोबर संपला, आता तो श्रीमंतांच्या पोरांचा म्हणून उगाच अंगावर येईल, असा इंग्लंडमधल्या संपादकांचा समज होता. म्हणजे त्यांना खुपली ती शाळा, जादू नव्हे.

आपल्याकडे असं कुणी म्हटलं असतं का? मला नाही वाटत. शाळा हे मराठी मुलांच्या पुस्तकांचं जुनं आणि लाडकं अंगण आहे. माळव्यातच जन्मलेल्या भा. रा. भागवतांनी फुरसुंगीच्या बनेश फेणेला पुण्याच्या विद्याभवनात घातलं आणि तिथून त्याला जगभर पळवलं. आणि जादूच्या शाळेचं तर माळव्याला अजिबात अप्रूप नको. मानपूरजवळच्या जानापावच्या डोंगरावर जमदग्नींचा आश्रम होता असं गावोगाव सांगतात. परशुरामाचा जन्म तिथलाच मानतात. पलीकडे उज्जैनला सांदीपनींची शाळा. कृष्ण-बलराम तिथे चौसष्ट दिवसांत चौसष्ट कला शिकले असं भागवतात आहे. दिवसाला एक विषय! आणि फी म्हणून गुरूंनी काय मागितलं, तर समुद्रात बुडालेला आपला मुलगा परत. शिष्यांनी तो थेट यमाकडून आणून दिला. हॉगवर्ट्सच्या सातही वर्षांत एवढी अवघड परीक्षा कुणाला बसली नसेल. इंग्रजीतसुद्धा ही कल्पना कोरी नव्हतीच. अर्सुला ल गुइन या अमेरिकन लेखिकेनं १९६८ सालीच रोक नावाच्या बेटावर जादूगारांची शाळा उघडली होती आणि तिथल्या एका गर्विष्ठ, सावळ्या पोराला मोठं होताना दाखवलं होतं. नवी होती ती रोलिंगची वेळापत्रकं, गृहपाठ, मार्क आणि जेवणाची टेबलं. जादूला तिनं हजेरीपट लावला.

तर तेरावं दार ब्लूम्सबरीचं. तिथला मुलांचा विभाग तेव्हा नवा होता आणि त्याचे संपादक बॅरी कनिंगहॅम यांना हस्तलिखित आवडलं. पण विकत घ्यायचं तर साहेब नायजेल न्यूटन यांचा होकार हवा. न्यूटननी काय केलं? पानं घरी नेली आणि आपल्या आठ वर्षांच्या मुलीच्या, ॲलिसच्या हातात दिली. ती वरच्या खोलीत गेली, तासाभरानं खाली आली आणि म्हणाली की बाकी सगळ्यापेक्षा हे छान आहे. मग पुढची प्रकरणं कुठे आहेत म्हणून तिनं बापाच्या मागे टुमणं लावलं, ते काही महिने सोडलं नाही. करार झाला. आगाऊ रक्कम किरकोळ, फार तर दोन-अडीच हजार पौंड. कनिंगहॅमनी लेखिकेला जेवायला नेलं आणि निघताना वडीलकीचा सल्ला दिला: बाई, एखादी नोकरी बघा, मुलांच्या पुस्तकांवर कुणाचं पोट भरत नाही. हा सल्ला त्यांच्याच तोंडून पुढे अनेकदा ऐकायला मिळाला आहे, आणि तो सांगताना ते स्वतःच सगळ्यांत जास्त हसतात.

नावाचाही घोळ झाला. मुलगे बाईचं पुस्तक उचलणार नाहीत अशी विक्रीवाल्यांना धास्ती, म्हणून जोअनऐवजी आद्याक्षरं घाला म्हणाले. जोअनला मधलं नावच नव्हतं. मग आजीचं, कॅथलीनचं 'के' घेतलं आणि जे. के. झालं. आपल्याकडच्या बाईला वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे आपसूक मिळतं. तिथे आजीकडून उसनं आणावं लागलं. मला हे उसनं जास्त बरं वाटतं.

२६ जून १९९७ रोजी पुस्तक आलं. पुठ्ठा बांधणीच्या प्रती किती? ५००. त्यांतल्या ३०० वाचनालयांना गेल्या. त्या आवृत्तीत पान ५३ वर शाळेत आणायच्या सामानाची यादी आहे आणि तीत 'एक छडी' दोनदा छापली आहे. मलपृष्ठावर तर पुस्तकाच्या नावातलंच एक अक्षर गळलं. प्रूफं तपासणाऱ्याला त्या दिवशी काय ऐकून घ्यावं लागलं असेल कोण जाणे. आज मात्र जुन्या पुस्तकांचे व्यापारी आधी पान ५३ उघडतात. चूक असेल तर प्रत खरी. अशी एक प्रत डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत लिलावात ४,७१,००० डॉलरला गेली.

मुखपृष्ठाची गोष्ट त्याहून मजेची. चित्रकार थॉमस टेलर तेव्हा तेविशीचा, केंब्रिजमधल्या मुलांच्या पुस्तकांच्या दुकानात नोकरीला. आयुष्यातलं पहिलं व्यावसायिक काम. लाल आगगाडी, तिच्यासमोर उभा चष्मेवाला मुलगा, हे त्यानं जलरंगात दोनेक दिवसांत उरकलं. मलपृष्ठासाठी 'एक जादूगार दे' असं सांगितलं, तर त्यानं स्वतःच्या वडिलांना डोळ्यांसमोर ठेवून एक पाइपवाला म्हातारा काढून दिला. पुस्तक गाजलं तशी पोरांची पत्रं येऊ लागली: हा कोण? कुठल्या प्रकरणात येतो? ब्लूम्सबरीनं अखेर त्याच्याकडून हॉगवर्ट्सचा मुख्याध्यापक डंबलडोर काढून घेतला आणि पाइपवाल्याला निरोप दिला. पुढे २०२४ च्या जूनमध्ये मुखपृष्ठाचं ते मूळ चित्र सॉदबीजच्या लिलावात १९ लाख डॉलरला विकलं गेलं. चित्रकाराच्या वाट्याला त्यातलं काही आलं असेल असं समजायचं कारण नाही. ते त्याच्या हातून केव्हाच गेलेलं होतं.

इथे थोडं थांबायला हवं. पडद्यामागचे किस्से सांगता सांगता गुळगुळीत होत जातात, आणि या पुस्तकाचे तर फारच. खोलीत हीटर लावायला पैसे नव्हते म्हणून बाई कॅफेत बसून लिहायची, हा त्यांतला सर्वांत लाडका. तो खोटा. घरात हीटर होता, असं रोलिंगनं स्वतःच सांगून टाकलं आहे. ती कॅफेत जायची, कारण बाबागाडीतली मुलगी फिरवता फिरवता झोपायची आणि कॅफेत कॉफी दुसरं कुणीतरी करायचं. एडिंबरातल्या एका कॅफेनं 'हॅरीचं जन्मस्थान' अशी पाटी मिरवली. लेखिका म्हणते, तिथे पाऊल टाकायच्या आधी कित्येक वर्षं लिखाण चालू होतं. कल्पना सुचली १९९० साली मँचेस्टर-लंडन गाडीत, गाडी चार तास उशिरा धावत होती आणि जवळ पेन नव्हतं, मागायची लाज वाटली, हे मात्र ती सुरुवातीपासून सांगत आली आहे. किंग्ज क्रॉस स्टेशनचा घोळही तिनंच कबूल केला. फलाटांचं वर्णन लिहिताना ती मँचेस्टरमध्ये होती आणि तिच्या डोळ्यांसमोर चुकून दुसरंच स्टेशन आलं, युस्टन. त्यामुळे पुस्तकातलं पावणेदहा क्रमांकाचं फलाट प्रत्यक्षातल्या नऊ-दहाच्या मधे बसतच नाही. सिनेमावाल्यांनी मग चार-पाचच्या मधे शूटिंग करून वेळ मारून नेली. लोक आजही किंग्ज क्रॉसला भिंतीत अडकवलेली ढकलगाडी धरून फोटो काढतात.

सिनेमाकडे वळलं तर टोपलीच्या जागी फळी येते, एवढाच फरक. निर्माते डेव्हिड हेमन यांच्या लंडनच्या ऑफिसात वाचायच्या पुस्तकांच्या दोन फळ्या होत्या: एक महत्त्वाची, एक बिनमहत्त्वाची. हॅरी पॉटर दुसरीवर पडून होता. सेक्रेटरी निशा पार्टी शनिवार-रविवारसाठी काहीतरी वाचायला म्हणून तिथून घेऊन गेली. सोमवारच्या बैठकीत हेमननी विचारलं, कुणी काही बरं वाचलं का? सगळे गप्प. ती म्हणाली, मी वाचलं. नाव ऐकून साहेबांनी नाक मुरडलं. कशावर आहे विचारल्यावर ती म्हणाली, जादूच्या शाळेत जाणाऱ्या मुलावर. त्या रात्री साहेबांनी पुस्तक हातात घेतलं.

पुढचं सगळं त्याच वळणानं. दिग्दर्शक ख्रिस कोलंबस यांच्या मागे त्यांची मुलगी एलिनॉर लागली होती की हे वाचा. तिला पुढे सिनेमात सुझन बोन्सची छोटी भूमिका मिळाली. रिचर्ड हॅरिस हे बुजुर्ग नट डंबलडोर करायला नाही म्हणत होते. अकरा वर्षांच्या नातीनं सांगितलं, नाही केलंत तर पुन्हा बोलणार नाही. आजोबा गेले शूटिंगला.

मुलांची निवड हा तर वेगळाच तमाशा. रूपर्ट ग्रिंटनं आपल्या नाटकाच्या बाईंसारखा वेश करून स्वतःबद्दलचं रॅप गात व्हिडिओ पाठवला आणि हॅरीच्या मित्राची, रॉनची भूमिका मिळवली. टॉम फेल्टननं पुस्तक वाचलंच नव्हतं. चाचणीच्या वेळी कोलंबस एकेका मुलाला विचारत आले की आवडता भाग कोणता. शेजारचा पोरगा ग्रिंगॉट्स बँक म्हणाला, यानंही तेच ठोकून दिलं. कोलंबसना ती चोरी तिथल्या तिथे कळली. हॅरीचा शाळेतला वैरी ड्रेको मालफॉय याच्या भूमिकेसाठी यापेक्षा चांगली चाचणी कुणी दिली नसती.

पण मोठं होणं ही कादंबरीत एक गोष्ट आणि सेटवर दुसरी. पहिल्या सिनेमाच्या वेळी मुलांचे दुधाचे दात पडायचे. सकाळी दात आहे, दुपारी नाही, आणि दृश्य तर तेच चालू. मग खोटे दात बसवायचे. हॅरी झालेल्या डॅनियल रॅडक्लिफच्या डोळ्यांभोवती पुरळ उठला, तेव्हा कळलं की चष्म्याच्या फ्रेममधलं निकेल त्याला सोसत नाही. हॅरीचा वर्गमित्र नेव्हिल झालेला मॅथ्यू लुइस वर्षागणिक इतका देखणा होत गेला की त्याला जाडा दाखवायला अंगात गादीचा सूट, तोंडात वाकडे दात आणि पायात मोठे बूट घालावे लागले. तिसऱ्या सिनेमाला अल्फोन्सो क्वारोन आले आणि त्यांनी तिघा मुख्य मुलांना आपापल्या पात्रावर निबंध लिहायला सांगितलं. हर्मायनी झालेल्या एमा वॉटसननं १६ पानं भरली. रॅडक्लिफनं एक. ग्रिंटनं दिलाच नाही. म्हणाला, रॉननं दिला नसता. दिग्दर्शकाला जे तपासायचं होतं ते तिघांनीही न कळत देऊन टाकलं.

शिवाय सेटवर खरी शाळाही होती. ब्रिटनच्या कायद्यानं मुलांनी किती तास काम करायचं हे बांधलेलं, म्हणून शॉटच्या मधून मुलं शिकवणीच्या खोलीत जायची. वर्गातल्या दृश्यांत त्यांच्या पुढ्यात असलेला गृहपाठ बऱ्याचदा खराच असायचा. भोजनगृहातलं जेवणही पहिल्या सिनेमात खरं होतं. दिव्यांच्या उष्णतेत दोन-तीन दिवस ठेवल्यावर त्याचा जो दरवळ सुटला त्याच्या आठवणी अजून निघतात. तरंगत्या मेणबत्त्यासुद्धा खऱ्या, शेकडो, वरून तारांवर टांगलेल्या. ज्योतीनं तार तुटायची आणि मेणबत्ती खाली यायची. तेव्हा ते काम निमूटपणे संगणकाकडे सोपवलं. शाळेतल्या धिप्पाड हॅग्रिडचं लांबचं दृश्य असेल तर रॉबी कोलट्रेनऐवजी मार्टिन बेफिल्ड उभा राहायचा, इंग्लंडचा माजी रग्बीपटू, पावणेसात फुटांहून उंच. पडद्यावर त्याला कुणी ओळखलं नाही, आणि ओळखू नये म्हणूनच त्याला घेतलं होतं.

मराठी वाचकाला या सगळ्यात एक घरचं आडनाव भेटतं. हॅरीच्या वर्गात पाटील बहिणी आहेत: जुळ्या, पार्वती आणि पद्मा. कुलकर्णी नाही, शर्मा नाही, थेट पाटील. पुस्तकात पार्वती शाळेच्या ग्रिफिन्डॉर या घरात, पद्मा रेव्हनक्लॉमध्ये. सिनेमावाल्यांनी दोघींना एकाच घरात कोंबलं. २००५ च्या चौथ्या सिनेमात या दोघी हॅरी आणि रॉनच्या जोडीदार म्हणून नाचाला जातात. भूमिका केल्या शेफाली चौधरी आणि अफशान आझाद यांनी, दोघींची घरं मूळ बांगलादेशी. अफशानला तर निवड करणारी मंडळी मँचेस्टरच्या तिच्या शाळेत आली तेव्हा शोधून काढलं. नाचाला त्यांना जे गुलाबी-केशरी कपडे दिले त्यावर भारतीय वाचक अजून चिडलेले आहेत, आणि त्यांचं बरोबर आहे. इतर मुलींच्या झग्यांवर शिंप्यांनी जीव ओतलेला दिसतो. पाटलांच्या लेकींना मात्र घाईघाईत गुंडाळलेलं. एखादी पैठणी मागवायला काय हरकत होती?

भारतात या शाळेचा पडदा कोर्टातही उघडला. २००७ च्या दुर्गापूजेला कोलकात्याच्या सॉल्ट लेकमधल्या एफडी ब्लॉकच्या मंडळानं मंडप म्हणून हॉगवर्ट्स उभं केलं. बांबू, कापड, कागद. पुढे आगगाडीचं इंजिनही. आपल्या गणेश मंडळांचं जे चालतं तेच. रोलिंग आणि सिनेमाची कंपनी वॉर्नर ब्रदर्स दिल्ली उच्च न्यायालयात गेले, २० लाख रुपये मागितले. मंडपवाल्यांना आपण कुणाचं काही चोरतोय हे सुचलंही नव्हतं. दरवर्षी कुणाचा ना कुणाचा राजवाडा ते उभारतच होते. न्यायालयानं बघितलं की इथे कुणी नफा कमवत नाही, आणि २६ ऑक्टोबरपर्यंत मंडप राहू दिला. यापुढे मात्र परवानगी घ्या, असं बजावलं. कंपनीचे वकील पुढच्याच वर्षी पुन्हा त्याच न्यायालयात हजर. या वेळी तक्रार 'हरी पुत्तर' नावाच्या हिंदी सिनेमाविरुद्ध: नाव ऐकून लोक फसतील. सप्टेंबर २००८ मध्ये तीही फेटाळली गेली. न्यायालयाचं म्हणणं असं की हॅरी पॉटर वाचणाऱ्याला एवढा फरक कळतो. एव्हन्स, ॲलिस आणि निशा पार्टी यांना तो त्यांच्या साहेबांच्या आधी कळला होताच. 'हरी पुत्तर' त्याच महिन्यात थिएटरात लागला, आणि लवकरच उतरलाही. त्यासाठी वकील लागले नाहीत.